टीपॉट सोडून सगळं

इंग्लंडमधल्या स्लाऊचं पाणी जड आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नवी केटल आणली आणि पंधरा दिवसांत तिच्या तळाला पांढरी खपली धरली. चहा गाळला की गाळणीत पत्तीबरोबर पांढरे कण दिसायचे. मला वाटलं, फसवलं आपल्याला. पावती शोधून केटल तावातावाने दुकानात परत घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईने झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "केटल चांगली आहे हो. इथलं पाणीच असं आहे." मी केटल काखोटीला मारून घरी आले. पुण्याहून येताना गोडा मसाला, भाजणी, पोळपाट, झारा, सगळं आणलं होतं. पाण्याचा विचार डोक्यातही आला नव्हता.

या अंकासाठी 'परदेशातल्या नोकरीचे अनुभव' लिहून द्या असं संपादकबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार मी एखाद्या ऑफिसात वगैरे होते. त्यांची चूक नाही, मीच सगळ्यांना तसं भासवत आले. विचारलं तर 'केअर सेक्टर' म्हणायचे आणि विषय बदलायचे. खरं सांगायचं तर मी स्लाऊमध्ये चार वर्षं लोकांची घरं साफ केली. संडास घासले, खिडक्या पुसल्या, परक्यांचे टॉवेल धुतले. पुण्यातल्या नातेवाइकांना हे आता छापून आल्यावर एकदमच कळेल. एकेकाला फोन करून सांगण्यापेक्षा ते बरं.

आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये. दोन हजार दोन साली कंपनीने स्लाऊला पाठवलं म्हणून आम्ही आलो, घर भाड्याने घेतलं, आणि चौथ्या महिन्यात ह्यांचं प्रोजेक्ट स्कॉटलंडमध्ये एडिनबराला गेलं. दर सोमवारी पहाटे जायचे, शुक्रवारी परत यायचे. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल इथे एवढंच. सोमवार ते शुक्रवार मी आणि ती केटल. संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा, "जेवलीस का? दार नीट लावलंस ना?" मी दोन्हीला हो म्हणायचे आणि फोन संपायचा. एका बुधवारी दुकानात थँक यू म्हणायला गेले तर आवाज फुटेना. सकाळपासून तोंडातून एक शब्द गेला नव्हता, त्यामुळे घसा बसला होता. त्या दिवशी मी घाबरले.

पुण्यात मी सहकारी बँकेत बारा वर्षं काउंटरवर होते. इथे अर्ज केले तर सगळीकडून एकच उत्तर, यूकेचा एक्स्पिरियन्स नाही. शेवटी पेपरवाल्याच्या दुकानाच्या काचेवर एका एजन्सीचं कार्ड दिसलं. तिथली शॅरन, माझ्याच वयाची, एका वेळी दोन फोनवर बोलणारी बाई. तिने विचारलं, "घर साफ करता येतं ना?" मी म्हटलं, "येतं." ही शुद्ध थाप होती. पुण्यात माझ्याकडे भांडी, धुणं, फरशी सगळं मंदाबाई करायच्या, आणि मला येत होतं ते तपासणं. मंदाबाई गेल्या की मी पातेली उजेडात धरून पाहायची. चहाच्या भांड्याच्या कडेला तपकिरी रेघ राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या समोर ठेवायची. "मंदाबाई, हे काय?" त्या काही न बोलता पुन्हा घासायच्या. नोकरीसाठी माझ्याकडे होती ती एवढीच पात्रता.

हे काम नेमकं काय असतं ते सांगते. एजन्सी घरं ठरवून देते. दोन तासांत एक घर. रंगीत फवारे एजन्सीचे: निळा काचेला, गुलाबी बाथरूमला, हिरवा ओट्याला. माझ्या यादीत बरेचसे एकटे राहणारे म्हातारे होते. त्यांच्या घरात धूळ फारशी नसायची, कारण धूळ उडवायला कुणी हिंडत-फिरतच नसे. पण पाण्याने सगळीकडे ठसे उमटवलेले असायचे. नळाच्या मुळाशी पांढरं पुट, शॉवरच्या जाळीची अर्धी भोकं बुजलेली, काचेच्या दारावर ओघळ. गुलाबी फवारा मारून मी हात दुखेपर्यंत घासायची आणि ते पुट ढिम्म हलायचं नाही.

गुरुवारचं घर मिस्टर हॅलम यांचं. वय ऐंशीच्या पुढे, ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको डॉरथी वर्षभरापूर्वी गेलेली. उंच, पाठीत जरा वाकलेले, आणि घरातही टाय लावून बसणारे. पहिल्या गुरुवारी मी त्यांच्या बाथरूमच्या नळाशी कुस्ती खेळत होते. ते काठी टेकत दारात आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मिसेस जोशी, तो गुलाबी प्रकार ठेवून द्या. सिंकखालच्या कपाटात व्हिनेगर आहे. डॉरथी सगळ्याला व्हिनेगरच वापरायची."

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. जुना रुमाल व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास विसरून जा. प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतून ती शॉवरला रबर लावून बांधा. केटलमध्ये निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर उकळा. खिडक्यांना पाण्यातून लावा आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसा. वॉशिंग मशीनमध्ये मऊपणाचं औषध टाकायचा जो कप्पा असतो त्यात अर्धी वाटी टाका. टॉवेल मऊ होतात आणि घामट वास जातो. मी रुमाल सोडला तर नळ आतून नवाकोरा. मला तिथे उभ्या उभ्या हसू आलं. इतके दिवस मी नुसतं बळ लावत होते, आणि उपाय होता वाट बघण्याचा.

पुढच्याच सोमवारी उत्साहाच्या भरात मी स्वतःची बाटली घेतली आणि दुसऱ्या एका घरी गेले. ती बाटली होती तपकिरी व्हिनेगरची, जे इथे तळलेल्या मासे-बटाट्यांवर शिंपडतात. बाईसाहेब घरी आल्या, जिन्यातच थबकल्या आणि विचारलं, "माझ्या बाथरूममध्ये कुणी मासे तळले का?" तेव्हापासून फक्त पांढरं. त्याचा वास वाळला की जातो. आणखी दोन गोष्टी ठेच खाऊन शिकले. ब्लीच टाकलेल्या संडासात व्हिनेगर कधी ओतू नये. मी ओतलं, आणि घशात आग, डोळ्यांत पाणी, खिडकी उघडून बाहेर डोकं काढून उभी राहिले. दुसरी गोष्ट संगमरवराची. पुण्यातला माझा ओटा कडप्प्याचा, त्याला लिंबू-चिंच काहीही चालायचं, म्हणून दगड म्हणजे दगड असं मी धरून चालले. एका बंगल्यातल्या संगमरवरी ओट्यावर माझ्या फडक्याचा आकार कायमचा उमटला. शॅरन फोनवर जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

तर गुरुवार. अकरा वाजले की मिस्टर हॅलम हाक मारायचे, "मिसेस जोशी, पुरे आता." मग चहा. चहा म्हणजे विधीच. निळ्या फुलांचा चिनी मातीचा टीपॉट आधी गरम पाण्याने खळबळायचा. मग सुटी पत्ती: एक चमचा त्यांना, एक मला, एक पॉटला. उकळतं पाणी ओतायचं, वर डॉरथीने विणलेली लोकरीची टोपी घालायची, आणि घड्याळाकडे बघत चार मिनिटं गप्प बसायचं. दूध कपात, पॉटमध्ये कधीच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर दोन कप-बशा मांडल्या. एकाच सेटमधल्या, सोनेरी कडेच्या. मी आपली सवयीने ओट्याला टेकून उभी. ते म्हणाले, "बसा हो. उभ्याने चहा पिणारं माणूस पाहिलं की मला गाडी चुकेल असं वाटतं."

मी बसले, आणि मला मंदाबाईंचा कप आठवला. कान तुटलेला, मागच्या बाल्कनीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. मंदाबाई स्वतःच तो विसळून घ्यायच्या, मी वरून चहा ओतायची, त्या दाराशी उकिडव्या बसून पिऊन तो पुन्हा जागेवर ठेवायच्या. बारा वर्षं. मी वाईट बाई नव्हते, दिवाळीला साडी द्यायची, त्यांच्या मुलीच्या फॉर्मवर सह्या करून द्यायची. पण तो कप कधी आत आला नाही, आणि तो आत यायला हवा हे माझ्या मनातही आलं नाही. ते मनात आलं स्लाऊमध्ये, परक्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या कपातून चहा पिताना. लाज वाटली, अजून वाटते.

मिस्टर हॅलम फार बोलके नव्हते. कारखान्यात पिवळा रंग कसा बनवायचे ते सांगायचे, मी बँकेत खोट्या नोटा कशा ओळखायच्या ते सांगायची. डॉरथीबद्दल क्वचित. पण त्या अर्ध्या तासात कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघून माझं बोलणं ऐकत असे. बाकी सहा दिवस मी त्या अर्ध्या तासासाठी काय सांगायचं ते मनात जमवत असे.

तुम्ही विचाराल, स्लाऊमध्ये मराठी माणसं नव्हती का? होती की. गणपतीला हॉल भाड्याने घेऊन शंभरेक जण जमायचे. डॉक्टरांच्या बायका, आयटीतल्या मुली. मी जाताना कामाचा वास जावा म्हणून हातांना लिंबू चोळून, वर अत्तर लावून जायची. तिथे डॉक्टर पाटणकरांच्या बायकोशी, आम्ही सगळ्या त्यांना वहिनी म्हणायचो, माझं चांगलं जमलं. भाजणीची देवाणघेवाण झाली. त्या एकदा म्हणाल्या, "अगं सुनंदा, इकडे अ डीसंट क्लीनर मिळणं इज सो डिफिकल्ट! तुझ्या ओळखीत आहे का कोणी?" मी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, एजन्सीचा नंबर दिला. शॅरनने ते घर कुणाला दिलं असेल? यादीवर नुसता पत्ता होता. दारात पोचल्यावर पाटी वाचली. पळून जावं असं वाटलं, पण बेल आधीच दाबली होती.

"अगं, तू? व्हॉट अ सरप्राइज! ये, ये. आज जरा गडबड आहे हं, ती एजन्सीची बाई येणार आहे टेनला."

"वहिनी," मी पिशवी दाखवत म्हटलं, "ती मीच."

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. रागावल्या नाहीत, बिचाऱ्या ओशाळल्या. मी फडकं काढलं की "राहू दे गं, इट्स फाइन", मी वाकले की त्याही वाकायच्या. दोन तास आम्ही दोघींनी मिळून त्यांचं घर पुसलं आणि दोघींना घाम फुटला. निघताना म्हणाल्या, "कोणाला सांगणार नाही हं मी, डोन्ट वरी." पुढच्या गणपतीला त्या लांबून हसल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. त्यानंतर मी मंडळात गेले नाही. उरला गुरुवार.

आणि तो गुरुवार मी माझ्या हाताने घालवला.

दुसऱ्या हिवाळ्यात मिस्टर हॅलम यांची छाती भरली आणि ते दहा दिवस हॉस्पिटलात होते. किल्ली माझ्याकडे होती. ते घरी येतील तेव्हा घर असं दिसलं पाहिजे की त्यांनी थक्क होऊन दारातच उभं राहावं, असं मी ठरवलं. न सांगता तीन दिवस गेले. पडदे धुतले, चादरी धुतल्या, कपाटांच्या आतल्या कडा पुसल्या, केटल आरशासारखी केली. सगळं व्हिनेगरने, डॉरथीच्या पद्धतीने. शेवटी ओट्यावर राहिला टीपॉट. लोकरीची टोपी काढून मी झाकण उघडलं, आणि आत पाहिलं. बुडापासून तोटीपर्यंत काळपट तपकिरी थर. इतके महिने मी ह्यातून चहा पीत होते! मंदाबाईंनी असं भांडं पुढे ठेवलं असतं तर मी दिवसभर धुमसले असते. मला वाटलं, म्हातारबाबांना आत दिसत नसेल, हात पोचत नसेल. गरम व्हिनेगर भरून दोन तास ठेवला. मग खायचा सोडा टाकला, फेस आला, तो फेस कॉफीसारखा होऊन वाहून गेला. बाटलीच्या ब्रशने तोटीसुद्धा घासली. उजेडात धरून पाहिलं. आतून शुभ्र, कालच दुकानातून आणल्यासारखा. कुठे एक रेघ नाही. मी स्वतःवर जाम खूश होते.

गुरुवारी ते घरी होते. पडद्यांना हात लावून "वा" म्हणाले, खिडकीशी उभे राहिले. अकरा वाजता स्वयंपाकघरात गेले आणि पॉटचं झाकण उघडलं. मी दारात उभी होते, कौतुकाची वाट बघत. ते आत बघत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, पण केटल उकळून आपोआप बंद झाली तरी ते तसेच. मग झाकण हळूच बसवलं आणि म्हणाले, "तुम्ही फार मेहनत घेतलीत, मिसेस जोशी." पॉट कपाटात वरच्या फळीवर ठेवला. दोन मग काढले, दोन टी-बॅग टाकल्या. माझा मग ओट्यावर ठेवला आणि स्वतःचा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

तीन गुरुवार तसंच चाललं. अकरा वाजता ओट्यावर माझा मग, त्यात टी-बॅग, आणि ते बाहेर, दार लोटलेलं. मी ओट्याला टेकून उभ्याने चहा प्यायची आणि मग विसळून ठेवायची. मंदाबाईंना कसं वाटत असेल याचा वेगळा विचार करावा लागला नाही.

काय चुकलं ते मला कळत नव्हतं. शेवटी शॅरनला फोनवर सांगितलं; सुनंदा तिला जमेना, ती मला सू म्हणायची. ती किंचाळलीच, "काय केलंस? टीपॉट धुतलास? आतून?"

"घाण झाला होता."

"अगं सू, टीपॉट कुणी आतून धुतं का! नुसतं पाण्याने खळबळायचं. माझी आजी तर आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. आतला रंग जमायला जन्म जातो."

"मग त्यांनी मला सांगायचं ना! इतकं सगळं सांगितलं. नळ सांगितला, टॉवेल सांगितले."

"असलं कोण कुणाला सांगतं?" ती म्हणाली, आणि जरा वेळाने आवाज उतरवून, "दुसऱ्या कुणाला पाठवू का गुरुवारी?"

मी "नको" म्हटलं, ते इतक्या मोठ्याने की तीही दचकली असावी. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून रडले. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. टीपॉट धुतला म्हणून रडले, हे फोनवर कसं सांगणार?

चौथ्या गुरुवारी मी माझा मग उचलला आणि लोटलेलं दार ढकलून बाहेरच्या खोलीत गेले. आयुष्यात इतकं घाबरत मी कुठल्या साहेबाच्या केबिनमध्येही गेले नव्हते.

"मिस्टर हॅलम, मला माहीत नव्हतं. आमच्याकडे भांडं आतून चकचकीत असलं तरच घर चांगलं म्हणतात. मी ते तुमच्यासाठी केलं. माझं चुकलं."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "डॉरथीने तो लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात घेतला होता. शेवटचा चहाही तिने त्यातच केला. ती हॉस्पिटलात गेली त्या सकाळी. आत होतं ते तिनेच केलेल्या चहाचं होतं. मी रोज झाकण उघडलं की... तुम्हाला माहीत असणार तरी कसं?"

मी बँकेतल्या बाईसारखा प्रश्न विचारला, "पुन्हा तसा व्हायला किती वर्षं लागतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही दोघं दिवसाला चार पॉट प्यायचो. एवढी वर्षं माझ्याकडे नाहीत, मिसेस जोशी."

"होईल तेवढा होईल. दर गुरुवारी दोन पॉट करू. मला कुठे घाई आहे?"

ते काठी टेकत उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि मला वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "माझा हात पोचत नाही आता." पॉट तिथे त्यांनीच ठेवला होता.

त्या दिवसापासून आम्ही टीपॉटला डाग पाडायला लागलो. हसू नका, आम्ही ते फार मनापासून केलं. दोन पॉट गुरुवारी, आणि पुढे मी सोमवारीही काम नसताना जायला लागले, तेव्हा आणखी दोन. त्यांनी पत्तीचा पुडा बदलून कडक घेतला. एकदा मी त्यांना आपला चहा पाजला, पातेल्यात आलं, साखर, दूध घालून उकळलेला. एक घोट घेऊन म्हणाले, "छान आहे. पण हे पुडिंग झालं." पहिले काही महिने पॉट आतून नुसता पिवळट दिसायचा. मग एका सकाळी त्यांनी तो खिडकीशी तिरका धरला आणि मला हाक मारली, "बघा, बघा, तळाशी धरतंय." आम्ही दोघं डोकं जवळ आणून आत बघत होतो. स्लाऊचं जड पाणी चहाचा रंग भांड्याला धरून ठेवतं, असं ते म्हणायचे. ज्या पाण्याला मी इतके दिवस शिव्या घातल्या, ते पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडत होतं.

ह्यांना एडिनबराला कायमची नोकरी मिळाली. "तू इकडे ये ना आता," ते म्हणायचे. "व्हाय आर वी पेइंग टू रेंट्स? आणि इथलं पाणी काय मस्त आहे, केटलला काही म्हणजे काही धरत नाही." मी दर वेळी नवं कारण सांगायची. खरं कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ह्यांनाही तिकडे आठवडाभर एकट्यानेच जेवावं लागत होतं, हे मला तेव्हा दिसत असूनही मी बघितलं नाही.

अडीच वर्षं झाली. बुडाला चांगला तपकिरी थर आला होता, कडेने फिकट होत गेलेला, तोटीच्या भोकांपर्यंत पोचलेला. एका मंगळवारी शॅरनचा फोन आला. नेहमी घाईत असलेली ती बाई हळू बोलत होती. "सू, या गुरुवारी जाऊ नकोस."

अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले. सात-आठ माणसं होती, मला ओळखणारं कुणी नव्हतं. एकाने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "गुरुवारी यायचे."

घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेने भाड्याने दिलेलं होतं, ते रिकामं करून परत द्यायचं होतं. शेवटच्या सफाईचं काम एजन्सीकडे आलं, आणि शॅरनने मला विचारून मलाच दिलं. ब्रिस्टलहून त्यांचा पुतण्या आला होता, पन्नाशीचा, भला माणूस. तो खोकी भरत होता, मी मागून पुसत होते. नळ, शॉवर, खिडक्या, सगळं डॉरथीच्या पद्धतीने. दुपारी स्वयंपाकघरात आले तर टीपॉट दान द्यायच्या खोक्यात, जुन्या बशांवर आडवा पडलेला. मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "हा मी घेऊ का?"

"अवश्य घ्या," तो म्हणाला, आणि सभ्य माणूस म्हणून द्यायच्या आधी झाकण उघडून आत पाहिलं. त्याचा चेहरा जरा पडला. "अरेरे, आतून फार खराब झालाय हो. अंकल आर्थरना शेवटी शेवटी दिसत नसावं. असं करा, थोडं व्हिनेगर टाकून ठेवा. लख्ख निघेल."

"हो," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

त्या उन्हाळ्यात मी एडिनबराला आले. इथलं पाणी खरंच हलकं आहे. नळ चकचकीत राहतात, केटल आतून नवी दिसते, व्हिनेगरची बाटली वर्षभर पुरते. हे ऑफिसला गेले की अकरा वाजता मी टीपॉट खळबळून घेते. एक चमचा मला, एक पॉटला. टोपी घालते, चार मिनिटं थांबते, आणि चहा ओतून झाला की झाकण उघडून आत बघते. रोज बघते. या पाण्याने डाग वाढत नाही. स्लाऊहून निघताना जितका होता, तितकाच आहे.